घाट उघडतो तेव्हा : जुन्नरचा ऑक्टोबर आणि जुन्नरचा इतिहास



जुन्नरच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की वक्ता शिवनेरीपासून सुरुवात करतो, आणि बऱ्याचदा शिवनेरीवरच संपवतो. त्यात चूक काहीच नाही. पण आज मी सुरुवात हवामानापासून करणार आहे, आणि तेही एकाच महिन्याच्या. आश्विन म्हणा, शरद ऋतू म्हणा, हल्लीच्या भाषेत ऑक्टोबर म्हणा. माझं म्हणणं असं आहे की या गावाचा दोन हजार वर्षांचा जमाखर्च या एका महिन्यावर चालत आलेला आहे.

आधी भूगोल डोळ्यांसमोर आणू. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला घाटघर, तिथे नाणेघाटाचं तोंड. तिथे पावसाळ्यात तीन-चार हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो. तिथून पूर्वेला तीसेक किलोमीटरवर जुन्नर शहर, तिथे पाऊस बराच कमी. आणखी पुढे नारायणगाव, आळे आणि त्याच्याही पलीकडे आण्याचं पठार. तिथे पाचशे-सहाशे पडला तरी लोक समाधानी. एका टोकाला भाताची खाचरं, दुसऱ्या टोकाला बाजरी आणि टँकर. सकाळी निघालेला माणूस दुपारपर्यंत या सगळ्यातून जाऊन येतो. आंबेगावचंही तसंच. भीमाशंकर-आहुप्याकडे दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही, आणि खाली मंचरला लोक पावसाची वाट बघत बसलेले असतात.

आता जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत घाटमाथ्यावर काय होतं, ते तिथल्या महादेव कोळी आणि ठाकर मंडळींना विचारा. धुकं, वारा, शेवाळलेला दगड. नाणेघाटातून दरीचा वारा इतक्या जोरात वर येतो की धबधब्याचं पाणी खाली पडण्याऐवजी उलटं वर उडतं. आज ते बघायला गर्दी होते. पण पाठीवर ओझं लादलेल्या बैलाला त्या फरसबंदीवरून चढवायचं असेल, तर ते दृश्य सुंदर नाही. पाय घसरला की बैल गेला, गोणी गेली, कधी माणूसही गेला. म्हणून चार महिने घाट बंद. कुणी हुकूम काढून बंद केलेला नाही, तो आपोआप बंद.

आणि मग ऑक्टोबर येतो. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात नैर्ऋत्य मोसमी वारे इथून काढता पाय घेतात. आभाळ धुतल्यासारखं होतं, दुपारचं ऊन चांगलं चटका देतं, पहाटे गवतावर दव पडतं. माथ्यावरची सोनकीची पिवळी फुलं सुकायला लागतात, गवत हिरव्याचं पिवळं होतं, पश्चिमेकडे भात काढणीला येतं. घाटातला दगड कोरडा होतो. जुन्या लोकांचं कॅलेंडर सोपं होतं : नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो, दसऱ्याला घाट उघडतो. दसऱ्याला आपण सीमोल्लंघन करतो. ते राजाच्या स्वारीचं म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण व्यापाऱ्याचंही सीमोल्लंघन तेव्हाच होतं. ते कमी धूमधडाक्याचं असतं, एवढाच फरक.

इथे एक लांबची तुलना करतो. जगात वाळवंटातली खाणगावं असतात. आफ्रिकेत नामिबियामध्ये कोल्मन्सकोप नावाचं गाव आहे. १९०८ मध्ये तिथे वाळूत हिरे सापडले, बघता बघता बंगले, दवाखाना, करमणुकीचा हॉल असं सगळं उभं राहिलं. पुढे जास्त चांगले हिरे दुसरीकडे सापडले आणि १९५६ पर्यंत गाव रिकामं झालं. आज त्या बंगल्यांच्या दिवाणखान्यात गुडघाभर वाळू आहे. गाव एकाच गोष्टीवर जगत असेल, तर ती गोष्ट संपल्यावर काय होतं, त्याचं हे उदाहरण. जुन्नरला हिरे नव्हते, सोनं नव्हतं. जुन्नरची खाण म्हणजे नाणेघाट. आणि ही खाण वर्षातून आठ महिने चालायची. तिचं पुढे काय झालं, तेच आज बघायचं आहे.

तर सातवाहनांपासून सुरू करू. कोकणात कल्याण आणि सोपारा ही बंदरं, देशावर पैठण आणि तेर या पेठा. मधे सह्याद्रीची भिंत. त्या भिंतीतली एक फट म्हणजे नाणेघाट, आणि फटीतून वर आल्यावर पहिलं मोठं गाव जुन्नर.

आता वेळापत्रक बघा, कारण मला हे फार गमतीचं वाटतं. इजिप्तमधून हिंदुस्थानकडे येणारी जहाजं केव्हा निघायची, ते ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या पुस्तकात दिलं आहे : जुलैच्या सुमारास. म्हणजे मोसमी वारा पाठीशी घेऊन. ती आपल्या किनाऱ्याला लागायची पावसाळ्याच्या अखेरीस. आणि परत कधी जायची? प्लिनी नावाचा रोमन लेखक सांगतो, डिसेंबरच्या सुरुवातीला, वारा उलटला की. म्हणजे परदेशी जहाज आपल्या किनाऱ्यावर असण्याचा काळ आहे साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. आणि घाट कोरडा होतो ऑक्टोबरमध्ये. जहाजातला माल उतरवून वर चढवायचा, वरचा माल खाली आणून जहाजात भरायचा, आणि हे सगळं दोन-अडीच महिन्यांत. त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर या दिवसांत नाणेघाटात किती गर्दी असेल, याची कल्पना करा. हा काही लेण्यांमधल्या शांततेचा काळ नव्हता. वर चढणारे बैल, खाली उतरणारे बैल, आणि मधे हुज्जत.

त्याच घाटाच्या तोंडाशी राणी नागनिकेने लेणं कोरून घेतलं आणि भिंतींवर लांबलचक शिलालेख घातला. इ.स.पूर्व पहिल्या शतकातला मानतात. ब्राह्मी लिपी, प्राकृत भाषा. अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची यादी, आणि प्रत्येक यज्ञात दक्षिणा किती दिली त्याचे आकडे : हजारो गायी, घोडे, कार्षापण नाणी. अंकांच्या इतिहासात या लेखाला मोठं स्थान आहे ते या आकड्यांमुळे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या, सिमुक सातवाहन, राणी नायनिका, राजा सातकर्णी वगैरे. मूर्ती गेल्या, वरची नावं राहिली.

हा लेख राजधानीत का नाही? देवळात का नाही? आडरानात, घाटाच्या तोंडाशी का? कारण वाचणारे तिथे होते. चढून दमलेला प्रत्येक व्यापारी तिथे सावलीला बसणार, पाणी पिणार आणि भिंतीकडे बघणार. त्याला स्वतःला वाचता येत नसेल, तर वाचणारा कुणीतरी तांड्यात असणारच. सातवाहन किती मोठे आहेत, हे सांगण्याची राज्यातली सगळ्यात चांगली जागा तीच होती. आज हमरस्त्यावर पुढाऱ्यांचे फ्लेक्स लागतात, त्यामागचा विचार वेगळा नाही. फक्त नागनिकेचा मजकूर दोन हजार वर्षं टिकला.

तिथे दगडी रांजण आहे, तो तुम्ही पाहिला असेल. घाटातून जाणाऱ्याने त्यात जकातीची नाणी टाकायची, असं परंपरा सांगते. शिलालेखात यज्ञ आहेत, जकात नाही. पण घाटाच्या नावातच नाणं आहे, आणि घाटाला खेटून जीवधन उभा आहे. जुन्नरकडे येताना वाटेत चावंड, हडसर आणि शेवटी शिवनेरी. चार-चार किल्ले उगाच कुणी एका वाटेवर राखत नाही.

माझ्या दृष्टीने रांजणापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याची टाकी. नाणेघाटात लेण्यांबरोबर टाकी खोदली आहेत आणि जुन्नरच्या सगळ्या लेण्यांमध्ये ती आहेत. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि खुद्द शिवनेरीच्या कड्यात मिळून दोनशेहून जास्त खोदकामं आहेत. एवढी एका गावाभोवती क्वचितच कुठे सापडतील. त्यांमधल्या दानलेखांत ‘पोढी’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दिल्या. यवन म्हणजे ग्रीक, निदान त्या मुलखातून आलेला किंवा त्यांच्यातला. चित नावाच्या दुसऱ्या यवनाने भोजनमंडप दिला. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचं लेणं आणि पोढी दिली. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने मानमोडीत पोढी आणि मंडप दिला, वर्ष ४६ असा आकडा घालून.

दान म्हणून पाणीच का, हे कळायला पुन्हा ऑक्टोबरकडे यावं लागतं. चार महिने जिथे पाणी नको नको होतं, तिथे जानेवारीनंतर पाण्यासाठी वणवण असते. सह्याद्रीचा काळा दगड पाणी धरत नाही, वाहून जाऊ देतो. व्यापाराचा हंगाम आहे कोरड्या महिन्यांचा, म्हणजे वाट चालू असते तेव्हाच पाणी नसतं. दगडात खोदलेलं टाकं पावसाळ्यात भरतं आणि उन्हाळ्यापर्यंत पुरतं. बौद्ध भिक्षूंचा वर्षावासही याच हिशेबात बसतो : पावसाळ्याचे महिने एका जागी राहायचं, मग चालायला लागायचं. भिक्षू आणि व्यापारी दोघंही एकाच पंचांगावर चालत होते. व्यापाऱ्याने लेण्याला दान दिलं ते पुण्यासाठी दिलं, यात शंका नाही. पण पुढच्या वर्षी त्याच वाटेने आपल्याला यायचं आहे, हेही त्याला माहीत होतं.

नहपानाचं नाव आलं, तर एक गोष्ट सांगून टाकतो. पेरिप्लसमध्ये अशी नोंद आहे की कल्याण बंदरात आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे सातवाहन आणि क्षत्रप यांचं भांडण फक्त जमिनीचं नव्हतं, माल कुठल्या बंदरात उतरणार याचं होतं. कल्याण बंद तर नाणेघाट रिकामा, आणि नाणेघाट रिकामा तर जुन्नर रिकामं. खाणीवर जगणाऱ्या गावाचा धोका तेव्हापासूनचा आहे.

आता हजार-बाराशे वर्षं ओलांडून पुढे जाऊ. मधल्या काळात यादव झाले, खिलजी आले, बहामनी आले. १४७० च्या सुमारास जुन्नरमध्ये एक रशियन माणूस पावसाळाभर अडकून पडला. अफानासी निकितिन, त्वेर गावचा व्यापारी. चौलला उतरला, बरोबर एक घोडा. हिंदुस्थानात घोड्याला भाव आहे, एवढं ऐकून जन्माची पुंजी त्या एका घोड्यात घातलेली. चौलहून चालत तो जुन्नरला पोहोचला आणि पाऊस लागला.

त्याची नोंद मला फार आवडते. तो लिहितो की इथे हिवाळा सुरू झाला आणि आम्ही जुन्नरमध्ये हिवाळा काढला. जूनमध्ये हिवाळा? त्याच्या नकाशात ऋतूची व्याख्याच ती होती : ज्या दिवसांत वाट बंद होते आणि माणूस घरात कोंडला जातो, तो हिवाळा. रशियात बर्फामुळे, जुन्नरमध्ये चिखलामुळे. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि त्याच दिवसांत इथले लोक नांगरतात आणि पेरतात, हे त्याने आश्चर्याने टिपून ठेवलं. घोड्यांना हरभऱ्यासारखं कडधान्य आणि साखर घालून खिचडी चारतात, हेही लिहिलं आहे. खिचडीचा शब्दसुद्धा त्याने तसाच वापरला आहे. जुन्नरच्या एका पावसाळ्याचं इतकं जिवंत वर्णन त्या काळच्या आपल्या कुणा माणसाने लिहिलेलं माझ्या पाहण्यात नाही.

जुन्नरचा सुभेदार होता असदखान. त्याने निकितिनचा घोडा काढून घेतला आणि अट घातली : मुसलमान हो, घोडाही देतो आणि हजार मोहरा वर देतो. चार दिवसांची मुदत. हा माणूस हवालदिल. शेवटी मुहम्मद नावाचा एक खुरासानी मध्ये पडला आणि धर्म आणि घोडा दोन्ही सुटले. पंधरा ऑगस्टच्या ख्रिस्ती सणाला निकितिन जुन्नर सोडून बिदरला निघाला. ऑगस्ट लक्षात घ्या. भर पावसाळ्यात तो निघू शकला, कारण तो पूर्वेला चालला होता, कमी पावसाच्या मुलखात. त्याला परत समुद्राकडे जायचं असतं, तर आणखी दोन महिने खिचडी खात बसावं लागलं असतं.

पुढे वीसेक वर्षांत जुन्नर राजधानी झालं. मलिक अहमदने १४९० मध्ये बहामनी सत्ता झुगारून इथूनच निजामशाही सुरू केली. आणि चारच वर्षांत, १४९४ मध्ये, अहमदनगर वसवून राजधानी तिकडे हलवली. फिरिश्ता हा इतिहासकार कारण देतो : त्याला दौलताबाद घ्यायचं होतं, आणि दरवर्षी पिकं हाताशी येण्याच्या वेळी फौज पाठवून तिथला मुलूख उजाड करायचा होता. त्यासाठी जुन्नर फार कोपऱ्यात पडतं. खरं आहे. जुन्नरची जागा घाटासाठी उत्तम, राज्यासाठी अडचणीची. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने काही काळ पुन्हा इथे राजधानी आणली, पण तेही टिकलं नाही. गावाला राजधानीपेक्षा पेठ म्हणूनच नशीब होतं. हापूसबागेतला तो भला मोठा घुमट कुणाचा म्हणून ओळखतात? सौदागराचा. सुलतानाचा नाही.

शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, शिवनेरीवरचा. त्याच सुमाराला दख्खनमध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि भयंकर दुष्काळ पडला. पुढे १६५७ मध्ये एप्रिलच्या अखेरीस महाराजांनी रात्री तटाला शिड्या लावून मोगलांचं जुन्नर लुटलं. तीन लाख होन आणि दोनशे घोडे हाती लागले. एप्रिलच का? राजकारणाची कारणं आहेतच, आदिलशाहीवर मोगलांची मोहीम चालू होती. पण माझा आपला एक तर्क आहे : हंगाम संपत आलेला असतो, वर्षाची जकात आणि विक्रीचा पैसा पेठेत जमलेला असतो, आणि महिन्याभराने पाऊस. ज्याने बालपण या मुलखात काढलं, त्याला हे कुणी सांगायला नको.

१६७५ मध्ये जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला, मोगल सुभेदाराच्या बोलावण्यावरून. तोही पावसाच्या आधी. येताना वाट चुकून भलत्याच अवघड घाटाने चढला, जाताना नाणेघाटाने उतरला, आणि मीठ घेऊन वर येणाऱ्या बैलांच्या मोठ्या तांड्यापुढे त्याला खोळंबावं लागलं. सातवाहनांच्या वेळची हुज्जत सतराव्या शतकातही चालूच होती तर. मिठाशिवाय देशावरचं जेवण होत नाही, आणि मीठ फक्त खालून येतं.

जुन्नरचं आणखी एक पीक होतं, तेही उन्हावरचं. जुन्नरी कागद. इथल्या कागदी लोकांनी बनवलेला हातकागद मराठ्यांच्या दप्तरांत गेला. जुनं गोणपाट कुजवायचं, कुटायचं, धुवायचं, त्याचा लगदा हौदात कालवून चाळणीवर ताव उचलायचा. मग ते ओले ताव भिंतीला चिकटवून वाळवायचे, खळ लावायची, दगडाने घोटायचं. ज्याने कपडे वाळत घातले आहेत त्याला सांगायला नको की श्रावणात ताव वाळत नाही. आणि कच्चा माल काय, तर गोणपाट! ज्या गावात वर्षानुवर्षं बैलांच्या पाठीवरून माल येतो, तिथे फाटकी गोणपाटं कमी नसणार. घाटाच्या उकिरड्यातून दप्तराचा कागद निघाला, असं मला म्हणावंसं वाटतं.

मग खाण बंद कशी पडली? लोकांना वाटतं, इंग्रजांनी १८१८ मध्ये किल्ले घेतले आणि पायऱ्यांना सुरुंग लावले, तिथे सगळं संपलं. चावंडला, जीवधनला त्या उडवलेल्या पायऱ्या आजही चढणाऱ्याला घाम फोडतात. पण घाटाला त्याने काही झालं नाही. बैल किल्ल्यावरून जात नव्हते.

या काळातला एक माणूस मात्र सांगितला पाहिजे. कर्नल विल्यम साइक्स. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायला नेमलं. हा गृहस्थ वायुभारमापक आणि तापमापक घेऊन इथल्या डोंगरांतून हिंडत होता. १८३५ मध्ये दख्खनच्या हवामानावरचा त्याचा मोठा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. आणि याच माणसाने नाणेघाटातल्या आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांच्या नकला करून जगापुढे आणल्या. आज मी हवामान आणि शिलालेख एका व्याख्यानात आणतो आहे, त्याचं तुम्हाला नवल वाटत असेल. साइक्सने दोन्ही एकाच वहीत आणले होते.

पण साइक्स नाणेघाटात हिंडत होता, त्याच वर्षांत दक्षिणेला बोरघाटात रस्ता तयार होत होता. १८३० मध्ये तो गाड्यांसाठी खुला झाला. बैलाच्या पाठीवर जेवढं ओझं जातं, त्याच्या कितीतरी पट बैलगाडीत जातं. १८६३ मध्ये त्याच बोरघाटातून रेल्वे चढली आणि १८६५ मध्ये उत्तरेला थळ घाटातून. नाणेघाट बरोबर मधे राहिला. आणि रेल्वेचं सगळ्यात मोठं वैशिष्ट्य वेग नव्हतं. ती पावसाळ्यातही चालायची. ज्या क्षणी देशावरचा कापूस आणि कोकणातलं मीठ जुलैमध्येसुद्धा ये-जा करू लागलं, त्या क्षणी ऑक्टोबरची किंमत उतरली. दसऱ्याला घाट उघडतो, ही बातमी राहिली नाही. जुन्नरला कुणी हरवलं नाही. जुन्नरचा ऋतू हरवला.

कोल्मन्सकोपसारखं जुन्नर रिकामं मात्र झालं नाही. वाळवंटातल्या गावाला खाणीशिवाय काही नसतं, जुन्नरला कुकडनेरची काळी जमीन होती. गाव पेठेचं शेतीगाव झालं. पुढे कुकडी प्रकल्पाची धरणं आली : माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगा आणि आंबेगावात डिंभे. पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे, आज नको.

ऑक्टोबर गेला असं समजू नका. नारायणगावच्या बाजूला जा, द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी चालू असते. छाटणीनंतर ऊन आणि कोरडी हवा हवी, मग घड चांगले सुटतात. परतीचा पाऊस लांबला किंवा नोव्हेंबरात अवकाळी आला, तर डावणी पडते, फुलोरा कुजतो, वर्षाचं कर्ज डोक्यावर बसतं. दोन हजार वर्षांपूर्वी धान्यविक्यांची श्रेणी आश्विनात आभाळाकडे बघत होती, आज बागाईतदार मोबाईलवर रडार बघतो. महिना तोच.

एक गोष्ट मात्र पुरती उलटी झाली आहे. ज्या चार महिन्यांत शहाणा माणूस घाटाकडे फिरकत नव्हता, त्याच चार महिन्यांत आता माळशेजला आणि नाणेघाटाला सगळ्यात जास्त गर्दी. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला, चांगलं झालं. पण पर्यटन म्हणजे पावसाळा असं समीकरण झालंय. माळशेजला दरडी कोसळतात, रस्ता बंद होतो, तरी शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा. नाणेघाटाच्या लेण्यात ओल्या कपड्यांनी माणसं गर्दी करतात आणि नागनिकेच्या अक्षरांशेजारी आपलं नाव कोरतात. तेच लोक ऑक्टोबर-नोव्हेंबरात आले, तर दगड कोरडा, आभाळ स्वच्छ, टाकी भरलेली, आणि लेख नीट बघता येतो.

पावसाळ्यातला डोंगर म्हणजे काय, हे आंबेगाव तालुक्याला वेगळं सांगावं लागत नाही. ३० जुलै २०१४, सकाळ. माळीण. डोंगराचा कडा सुटून गावावर आला, दीडशेहून जास्त माणसं गेली. सकाळच्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर कळलं. माळीण हे पर्यटकांचं गाव नव्हतं, तिथली माणसं आपल्या घरात होती. दरडी का सुटतात यावर तज्ज्ञांनी लिहिलं आहे : मुसळधार पाऊस, उतारावरची मोकळी झालेली माती, उतारात केलेली सपाटी. या मुलखात व्यापारी चार महिने वाट सोडून देऊ शकत होता. इथे राहणाऱ्याला ती सोय कधीच नव्हती. घाटाच्या इतिहासात बैल येतात, सौदागर येतात, राणी येते. माथ्यावर चारही महिने राहणारा कोळी आणि ठाकर त्यात फारसा येत नाही. नाणेघाटाची राखण त्यानेच केली, पण दानलेखात नाव यायला दान द्यावं लागतं.

शेवटी आंबेगावबद्दल, म्हणजे मूळ आंबेगावबद्दल. तालुक्याला ज्याने नाव दिलं, ते गाव घोड नदीच्या काठी होतं. आहुप्याकडच्या डोंगराळ पट्ट्यातल्या लोकांचं बाजाराचं गाव, हिरड्याच्या व्यापाराचं गाव. एका अर्थाने ते लहान जुन्नरच : वर डोंगर, मागे घाट, पुढे देश. तालुक्याची कचेरी घोडेगावला, मोठी बाजारपेठ मंचरला, आणि नावाचं गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली. जमीन गेलेल्या आदिवासी कुटुंबांनी पुढे ‘शाश्वत’ संस्थेच्या सोबतीने जलाशयात मासेमारीचे हक्क मिळवले. पाणी ओसरतं तशी मोकळी होणारी काठाची जमीन ते कसतात.

म्हणजे त्यांचं पंचांग आणखी वेगळं झालं. आपण ऑक्टोबरला मुलूख उघडण्याचा महिना म्हणतो. डिंभ्याला ऑक्टोबरमध्ये धरण काठोकाठ असतं आणि जुनं आंबेगाव सगळ्यात खोल असतं. थंडीत आवर्तनं सुटायला लागली की पाणी पायरी पायरीने उतरतं, गाळाची पट्टी मोकळी होते, तिच्यात पेरणी होते. एप्रिल-मेमध्ये, बाकी सगळीकडे पाण्याची ओरड असताना, गावाची जोती वर दिसायला लागतात. तेव्हा जुनी माणसं तिथे जातात, कुठलं जोतं कुणाचं ते पोरांना दाखवतात, आणि जूनच्या आत परततात.

आता प्रश्न घेऊ या.